सत्याबायचे चोरलेले कॅक्टस

सत्याबाय गेल्याची बातमी मुरगावहून आली, तेव्हा इब्रामपुरात देवळाच्या मंडपात लोक जमले. पंचायतीचा एक मेंबर उठला आणि बोलायला लागला, की त्या प्रेमळ होत्या, सोशिक होत्या, परक्याच्या काडीलाही त्यांनी कधी हात लावला नाही. मी मागच्या खांबाला टेकून बसलो होतो. मला हसू आवरेना. पंचा तोंडाला लावला, तर लोकांना वाटलं म्हातारा रडतोय, आणि कुणीतरी पाठीवरून हात फिरवला. काडीला हात लावला नाही म्हणे. आमच्या वाड्यावर असं एक घर दाखवा, जिथल्या कुंडीतली काडी त्या बाईने मोडून नेली नाही.

प्रेमळ, सोशिक, हे शब्द तिच्या अंगाला बसत नाहीत. तिनं शिवलेल्या ब्लाउजावर कुणी असली ठिगळं लावली असती तर तिनं ती तिथल्या तिथे उसवून टाकली असती. म्हणून मी लिहायला बसलो. मी चौथी शिकलेला, सगळा जन्म खनिजाच्या ट्रकावर गेला. पेन धरतो ते स्टेरिंग धरल्यासारखं. तरी त्या मेंबरापेक्षा तिचं माप मला बरं ठाऊक आहे. तिच्या आणि माझ्या घरामध्ये एक बुटका चिऱ्यांचा गडगा, तेवढंच अंतर.

बाई अंगानं काटकुळी, माझ्याहून थोडी मोठी. गळ्यात मापाची टेप चोवीस तास. देवळात गेली तरी टेप गळ्यात, मंगळसूत्र नसलं तरी टेप पाहिजे. नवरा नदीतल्या खनिजाच्या बार्जीवर कामाला होता, तो लवकर वारला. मुलगा मुरगावला बंदरात कामाला. ही इथे ब्लाउज, परकर, शाळेचे युनिफॉर्म शिवायची. तोंडात नेहमी टाचण्या धरलेल्या, त्यामुळे बोलायची तोंडाच्या एका कोपऱ्यातून. तिची सवय अशी झाली, की टाचण्या नसल्या तरी कोपऱ्यातूनच बोलायची. नवख्या माणसाला वाटायचं, बाई आपल्याला वेडावते आहे. पुष्कळदा ते खरंही असायचं.

शिवणं हे पोट भरायचं काम. जीव सगळा कॅक्टसात. कुंपणाला असतो तो निवडुंग नव्हे, कुंडीतले कॅक्टस. गोल, लांब, चपटे, केसाळ. अंगणभर, पायरीवर, विहिरीच्या कठड्यावर, जुन्या बालदीत, फुटक्या कळशीत. आणि त्यातला एकही तिनं मागून आणलेला नव्हता. झाड चोरूनच आणायचं, हा तिचा धर्म. आमच्याकडे बायका तसं म्हणतातच, चोरलेली फांदी लवकर धरते. पण बाकीच्या बायका गंमत म्हणून म्हणतात, ही ते पाळायची. मागलेलो कुसता, दिलेलो रुसता, चोरलेलोच धरता, म्हणजे मागितलेला कुजतो, असं ती सांगायची, आणि कुणी प्रेमानं कुंडी हातात द्यायला लागली की दोन पावलं मागे सरायची, जसं काही कुणी तिच्या हातात विंचू देतंय.

ब्लाउजाची मापं घ्यायला ती घरोघर जायची, डिचोलीपर्यंत. जाताना पिशवी रिकामी, येताना पिशवीत कापड आणि कापडात कॅक्टस. एकदा डिचोलीत एका सोनाराच्या घरी लग्नाचं काम होतं. तिथे सशाच्या कानासारखा चपटा कॅक्टस होता, वरून मखमल दिसणारा. त्याचं एक पान तिनं मोडलं आणि घाईत नेमकं नवरीच्या आत्येच्या कापडातच गुंडाळलं. त्या मखमलीचे काटे डोळ्याला दिसत नाहीत. लग्नाच्या दिवशी मंगलाष्टकं चालू, आत्येनं अक्षता टाकायला हात वर केला आणि तशीच राहिली. पुढचं सगळं लग्न ती बाई मंडपाच्या खांबाला पाठ घासत उभी होती. दुसऱ्या दिवशी भांडायला इब्रामपूरला आली. सत्याबायनं सगळं ऐकून घेतलं, ब्लाउज उलटा करून उजेडात धरला, चिमट्यानं काटा काढला आणि तिच्या तळहातावर ठेवला. म्हणाली, "ह्यो तुमच्याच घरचो कांटो. माझ्या घरचो नव्हे." त्यात खोटं काही नव्हतं. ती बाई भांडायचं विसरली. उलट चहा पिऊन गेली.

ज्या घरातून चोरला त्या घराचं नाव कॅक्टसाला. चपट्याचं नाव सोनारीण. एक जाडा, बुटका होता त्याचं नाव भटजी. एक लांबट, मान पुढे काढलेला, तो पोस्टमन. सकाळी कुंड्यांना शिव्या घालत ती फिरायची, ते ऐकण्यासारखं असायचं. सोनारीण कशी कितीही घातलं तरी रडते, भटजी कसा खाऊन खाऊन फुटायला आलाय. एकदा सुरीला धार लावत ती मोठ्यानं म्हणाली, आज पोस्टमनाचं डोकं उडवणार, फार माजलाय. नेमका त्या वेळी खरा पोस्टमन माझ्या दारात पत्र द्यायला आला होता. तो बिचारा नवा होता. पुढचे कितीतरी दिवस तो तिची पत्रं माझ्याकडे टाकून जायचा.

आता हे डोकं उडवणं म्हणजे काय ते सांगतो, कारण खरी सत्याबाय त्यात दिसायची. कॅक्टस कुंडीत फार वाढला की वरून जड होतो आणि कलंडतो, म्हणून कापावा लागतो. ती पावसात कधी सुरी लावायची नाही. दिवाळी होऊन हवा कोरडी झाली की मग. त्या दिवशी सकाळीच गोणपाट अंथरायची. हातात पाव कापायची दात्यांची सुरी, शेजारी पेल्यात काजूची फेणी. फेणी सुरी पुसायला. एक झाड कापलं की सुरी पुसायची, नाहीतर एकाची कीड दुसऱ्याला लागते. पेल्यात जी उरायची ती वाया जाऊ द्यायची नाही, हेही तिचं तत्त्व होतं, त्यामुळे दुपारपर्यंत शिव्यांना वेगळाच ताल यायचा. वर्तमानपत्राची लांब घडी घालून ती घडी कॅक्टसाच्या कमरेला पट्ट्यासारखी गुंडाळायची, एका हातानं घडीची दोन्ही टोकं धरायची, म्हणजे काटा लागत नाही, आणि दुसऱ्या हातानं कापायची. कुंडीत राहिलेल्या बुंध्याला काप तिरपा द्यायची, वर पाणी साचू नये म्हणून. कापड सरळ, कॅक्टस तिरपो, हे तिचं सांगणं. मग कापलेल्या तोंडाला चुलीची राख.

आणि कापलेले तुकडे ती गडग्यावर ओळीनं मांडायची. हे तिचं देणं. हातात कुणाला देणार नाही, कारण दिलेला रुसतो. गडग्यावर ठेवायचे, मोठ्यानं सगळ्या वाड्याला ऐकू जाईल असं म्हणायचं, की मी आता आंघोळीला जाते, मला तास लागेल, आणि आत जाऊन दार लावायचं. मग बायका यायच्या. पदराखाली तुकडा घालून पळायच्या. आतून हिला खिडकीच्या फटीतून सगळं दिसायचं. नंतर ज्या बाईनं नेला तिच्याच दारात उभं राहून ती चोराला शिव्या घालून यायची. तेवढं केल्याशिवाय झाड नीट धरत नाही म्हणे.

वाड्यावर एक रिटायर झालेला हवालदार राहायचा. त्याला एक गोल कॅक्टस मनापासून आवडला होता. तो आला आणि सरळ म्हणाला, बाई, एक तुकडा द्या. ती म्हणाली, देणार नाही, ने. तो म्हणाला, ने म्हणजे द्या ना. असं त्यांचं पुष्कळ वेळ चाललं. शेवटी ती आंघोळीला म्हणून आत गेली. हवालदार गडग्याजवळ उभा. हात पुढे करतो, मागे घेतो. इकडे बघतो, तिकडे बघतो. उन्हात डोकं तापलं तरी त्याला जमेना. मी आणि आमची शालन आमच्या बाल्कांवात, दारापुढच्या व्हरांड्यात, बसून बघत होतो. अखेर सत्याबायच खिडकीतून ओरडली, "अरे पोलिसा, तुका साधी चोरी जमना नाय, मगे चोर कसो गावतलो होतो?" तो तसाच लाल होऊन घरी गेला. संध्याकाळी त्याची बायको येऊन दोन तुकडे मारून गेली.

शालन म्हणजे माझी बायको. तिचं माहेर चोपड्याचं, शापोरा नदीच्या काठी. लग्न झाल्यावर काही वर्षांनी तिनं माहेरून एक कॅक्टस आणला, बोटाएवढा. तो आमच्या बाल्कांवाच्या कोपऱ्यात मोठ्या कुंडीत वाढला. एकच सरळ खांब, ना फांदी ना फाटा. शालनपेक्षा उंच झाला. चतुर्थीला ती त्याच्या शेजारी उभी राहायची आणि मला विचारायची, किती वर गेला सांगा. पावसाळा आला की ती कुंडी फरफटत आत घ्यायची, पागोळ्यांचं पाणी मुळात नको म्हणून. मी ट्रकावरून आलो तरी मला हात लावू द्यायची नाही.

ह्या कॅक्टसावर सत्याबायचा डोळा. आणि शालनला ते माहीत. दोघींची मैत्री झाली ती ह्याच भांडणातून. सत्याबाय दुपारची येऊन बाल्कांवातल्या सोप्यावर, म्हणजे दगडी बाकावर, बसायची. गप्पा दुनियेच्या, नजर कोपऱ्यात. फांदी नसल्यामुळे मोडून नेण्यासारखं काही नव्हतं. न्यायचं तर डोकंच कापून न्यायला हवं. बुंध्याशी कधी एखादं पिल्लू फुटलंच, तर शालन सकाळी उठून आधी ते अंगठ्यानं चिरडायची. सत्याबाय म्हणायची, शालन गो, पोरां मारतंस. शालन म्हणायची, तुझ्या हाती पडण्यापेक्षा मेलेली बरी. असं वर्षानुवर्षं. एकदा शालन आत पाणी आणायला गेली आणि येऊन बघते तर सत्याबायच्या हातात सुरी. सत्याबाय म्हणाली, आंबा कापायला आणली होती. आंब्याचे दिवस नव्हते. दोघी इतक्या हसल्या, की मी आतून काय झालं म्हणून धावत आलो.

गेल्या वर्षी चैतात शालन गेली. साखर होती, मग किडनी, मग हॉस्पिटलच्या फेऱ्या, मग फेऱ्या संपल्या. मी त्याबद्दल जास्त लिहिणार नाही. दिवसकार्य झालं, मुलगी सासरी गेली, आणि मी आतल्या खोलीत खाटेवर पडून राहिलो. पाऊस आला, पाऊस गेला. बाल्कांवात यायचं मला कारण नव्हतं. तिथे तिची जागा होती. सत्याबाय रोज दुपारी जनेलातून, खिडकीतून, पेजेचं भांडं आत सरकवायची आणि जायची. बोलायची नाही. त्या बाईचं न बोलणं म्हणजे काय ते इब्रामपूरला विचारा.

दिवाळीनंतर एक दिवस ती सरळ खोलीत आली आणि म्हणाली, ऊठ, बाहेर चल. मी गेलो. कॅक्टस एका बाजूला कलला होता. कुंडी पावसाळ्यात आत घेतली नव्हती, पागोळ्या सगळा पावसाळा मुळात पडल्या होत्या. बुंध्याशी हाताएवढा भाग तपकिरी, मऊ. तिनं बोट लावलं तर आत गेलं.

ती म्हणाली, आताच कापला तर वरचा वाचेल. कूज वर चढते. शिगम्यापर्यंत थांबलास तर काही उरणार नाही.

मी म्हटलं, ह्याला सुरी लावायची नाही. शालननं कधी लावली नाही.

ती म्हणाली, शालननं त्याला पावसात ठेवलाही नव्हता.

मला राग आला. मी वाटेल ते बोललो. म्हटलं, इतकी वर्षं तुला हाच पाहिजे होता ना, आता ती नाही, घेऊन जा, मुळासकट उचल आणि ने, माझ्या डोळ्यांसमोर नको. ट्रकावर शिकलेले दोनचार शब्दही त्यात होते. तिनं टेप गळ्यात सारखी केली. मग सावकाश म्हणाली, "राखणारां माणूस नाय, थंय चोरी करुक मी काय कावळो? शालनचो कॅक्टस असो फुकट नेलंय तर ती माका वर जावन हसतली."

आणि जाता जाता पायरीवरून सांगून गेली, "राख तू. उद्यापासून हंय बस. मगे बघतंय मी."

मी दुसऱ्या दिवशी बाल्कांवात येऊन बसलो, तो निव्वळ रागानं. बघू कशी नेते. शालनच्या जागी नाही बसलो, समोरच्या सोप्यावर बसलो, तिथून कॅक्टस बरा दिसतो. दुपारी सत्याबाय आली. म्हणाली, तुझ्या परसात गाय शिरली, अळसांद्याचे वेल खाते. मी म्हटलं, खाऊ दे. ती गेली. गाय खरंच शिरली होती, ते संध्याकाळी कळलं.

दुसऱ्या दिवशी ती कापड घेऊन आली. म्हणाली, शर्टाचं माप द्यायला उभा राहा. राहिलो. म्हणाली, पाठ कर, खांदा मोजायचा आहे. पाठ केली. खांद्यावर टेप लागेना. मागे कागद वाजल्यासारखं झालं. वळलो तर बाई कॅक्टसाच्या कमरेला वर्तमानपत्राचा पट्टा बांधून तयार. मी म्हटलं, सत्याबाय, माझी कंबर तिकडे नाही. ती म्हणाली, म्हातारपणी डोळ्याला दिसत नाही रे. ते खरं होतं, मोतीबिंदू होता तिला, पण कॅक्टस तिला बरोबर दिसायचा.

असं रोज चाललं. मी जेवणाचं ताट बाहेर आणायला लागलो, कारण आत गेलो तर ही नेणार. बाल्कांवात बसलो म्हणजे रस्त्यावरची माणसं बोलणारच. हवालदार काठी टेकत यायचा, राखणीला मदत म्हणून माझ्या शेजारी बसायचा, आणि पाच मिनिटांत घोरायला लागायचा. सत्याबाय गडग्यापलीकडून त्याला विचारायची, काय हवालदार, ड्युटी कशी चालली आहे. मला तर रात्री झोप लागायला लागली होती. इकडे कॅक्टस रोज थोडा जास्त कलत होता. मला ते दिसत होतं. तिला माझ्यापेक्षा जास्त.

एक दिवस सकाळी पोदेराचा भोंगा वाजला. पोदेर सायकलवरून पाव विकत येतो, थांबत नाही, गाठावा लागतो. मी फाटकापर्यंत गेलो, कोंड्याच्या पोया घेतल्या, त्यानं शालनची आठवण काढली म्हणून दोन शब्द बोललो, आणि परत आलो. सत्याबाय जमिनीवर गोणपाट टाकून बसली होती. कुंडीत नुसता हातभर बुंधा, तिरपा कापलेला. आणि कॅक्टस आडवा, तिच्यासमोर, कागदात कंबर बांधलेला. शेजारी फेणीचा पेला.

मी पोया टाकून दिल्या. ओरडायला तोंड उघडलं. ती वर न बघता म्हणाली, बघ आधी. मी बघितलं. कापलेल्या तोंडाला गुळासारखा तपकिरी चट्टा, आणि घाण वास.

म्हणाली, धर. मी खाली बसलो आणि वरचा शेंडा कागदानं धरला. ह्याआधी मी त्याला कधी हात लावला नव्हता. तिनं चार बोटं वर सुरी लावली आणि चकती काढली. तपकिरी. सुरी पुसली. आणखी वर कापलं. तपकिरी, पण चट्टा लहान झालेला. सुरी पुसली. पुढची चकती कापली तर चट्टा परत मोठा. कूज सरळ चढत नाही, ती आतून कशीही पळते. चकत्या गोणपाटावर पडत होत्या, दुधी चिरल्यासारख्या. शालनच्या डोक्यापर्यंत होता तो खांद्यापर्यंत आला, मग कमरेपर्यंत आला. सत्याबायनं शिव्या घालायचं बंद केलं होतं. घोटही घेतला नव्हता.

शेवटी माझ्या हातात हातभर शेंडा राहिला. त्याच्या तोंडाला मधोमध एक डाग, मसुरीएवढा. तिनं सुरी पुसली, आणि थांबली.

म्हणाली, "असोच लावलो तर थोडे दिवस हिरवो दिसतलो. आणखी कापलो तर काय तां कळतलां." आणि मग, कधी नव्हे ते, दोन्ही डोळे वर करून तिनं मला विचारलं, "कापू काय रे?"

त्या बाईनं आख्ख्या आयुष्यात कुणाला काही मागितलं नव्हतं. सुईसुद्धा न विचारता घेऊन जायची. मी शेंड्याकडे बघितलं. वरच्या टोकाला काटे अजून पिवळे, कोवळे होते. तसेच थोडे दिवस राहिले असते. मी म्हटलं, काप.

तिनं कापलं. चकती पडली आणि आतलं पांढरं, ओलं, काकडीसारखं स्वच्छ दिसलं. तिनं बोट फिरवलं, वास घेतला, डोळ्यांजवळ नेलं, परत वास घेतला. मग सगळी फेणी एका दमात संपवली. राख लावली, शेंडा कागदात गुंडाळला, काखेत घातला आणि निघाली. मी म्हटलं, कुठे चाललीस? ती म्हणाली, घरी, चोरी केली आहे ना. आणि अंगणात उभी राहून तिनं वाड्याला ओरडून सांगितलं, की शालनचो कॅक्टस अखेर मारलो, ड्रायव्हर राखणीक बसलेलो असताना. तिला एवढी खूश झालेली मी कधी बघितली नव्हती. मी जमिनीवर पडलेल्या पोया उचलल्या, फुंकल्या आणि खाल्ल्या.

तिनं तो सावलीत पुष्कळ दिवस तसाच सुकत ठेवला, कापलेलं तोंड चामड्यासारखं होईपर्यंत. मग एका गंजक्या बालदीत वाळू भरून त्यात उभा केला आणि पाणी घातलं नाही. मी रोज गडग्यावरून बघायचो. हिरवा होता. पण हिरवा तर तो कुजतानाही होता.

माघात तिचा मुलगा आला. डोळ्याचं ऑपरेशन करायचं, आता एकटीनं राहायचं नाही, असं त्यानं ठरवलं होतं. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, कुंड्यांना जागा नाही. तिनं वाद घातला नाही. सगळ्या कुंड्या गडग्यावर आणि रस्त्याच्या कडेला मांडल्या आणि आत जाऊन दार लावलं. दिवसभर लोक चोरी करत होते. पोस्टमन स्वतः येऊन पोस्टमनाला घेऊन गेला. संध्याकाळपर्यंत अंगण झाडून काढल्यासारखं झालं. बालदी तेवढी तिनं बाहेर काढली नव्हती. ती तिच्या ओसरीवरच होती.

मी गेलो आणि मागितली. म्हटलं, सत्याबाय, शालनचा तेवढा दे. ती म्हणाली, मागतोस? मग हा कुजला म्हणून समज. आणि तोंड फिरवलं. मी परत घरी आलो आणि तिला बाल्कांवातून थोडं ऐकवलं. तिनंही मला ऐकवलं. शेजारी म्हणून आमचं ते शेवटचं बोलणं.

ह्या भादव्यात ती तिकडे मुरगावला वारली. मला तिकडे जायला जमलं नाही, चेहरा बघितला नाही. पण मला त्याचं फार वाटत नाही, कारण मी तिला शेवटची बघितली ती ह्या सगळ्या लोकांपेक्षा चांगली बघितली.

ती जायची त्या दिवशी सकाळी टेम्पोत सामान चढत होतं. शिवणाचं मशीन तेवढं ओसरीवर राहिलं होतं. ती मशीनवर बसून पायानं ते चालवत होती, रस्त्याकडे पाठ करून. बालदी तिच्या मागे, पायरीजवळ. मुलगा दोरी आणायला दुकानावर गेला होता. मी गडगा चढलो. ह्या वयात, लुंगी आवरत. गावात कोण बघतंय ते बघितलं. हवालदार बघत होता, त्यानं मान दुसरीकडे केली. मी वाकून पायऱ्या चढलो आणि कॅक्टसाला धरला, नुसत्या हातानं. हातात काटे गेले, तोंडातून आवाज निघालाच.

मशीन थांबलं. पाठ तशीच. टेपचं टोक तेवढं हललं.

"कागद बालदीखाली आसा," सत्याबाय भिंतीला म्हणाली. आणि मशीन परत सुरू झालं.

कागदाची घडी खरंच तिथे होती, लांब, नीट केलेली. ती कॅक्टसाच्या कमरेला गुंडाळली आणि वर ओढलं. आला नाही. जोर लावला. वाळू हलली, बालदी हलली, कॅक्टस हलला नाही. आत धरला होता. मग बालदीच उचलली. जड होती. गडग्यावर आधी ती ठेवली, मागून मी चढलो. वर बसून दम खाताना एकदा वळून बघितलं. सत्याबाय पाठ करून जोरजोरात मशीन मारत होती, आणि सुईखाली कापड नव्हतं.